हेराक्लेसचं बारसं

देवाशपथ सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे; मी स्वतः तिथे होतो. (म्हणजे नव्हतो. बायको होती. पण ती घरी येऊन सांगत होती तेव्हा मी होतो.)

फरीज बिन ओमरान वस्तीतल्या रंगनाथनं ठरवलं, की आपल्या मुलाचं नाव अख्ख्या दोह्यात दुसऱ्या कुणाचं नसावं. त्याच्या ऑफिसात एकाच नावाच्या चार पोरांचे चार बाप बसतात. तीन आठवडे इंटरनेट उपसून त्यानं ग्रीक पुराणातला महापराक्रमी वीर काढला, तोही मूळ प्राचीन ग्रीक नावासकट: हेराक्लेस.

"हर्क्युलस म्हण ना सरळ," त्याची बायको उल्का म्हणाली.

"ते रोमन लोकांनी बिघडवलेलं आहे," रंगनाथ म्हणाला. (हा माणूस सहा वर्षं सासऱ्यांना 'अहो' एवढ्याच नावानं हाक मारतोय.)

शुक्रवारी बारसं, रविवारी जन्मदाखल्याचा फॉर्म. पाळण्यावर ग्रीक अक्षरांचा बोर्ड लागला. तो कुणालाच वाचता येत नव्हता, त्यामुळे कुणाची हरकतही आली नाही.

बाळाच्या कानात नाव सांगायला नाशिकहून आत्या आल्या होत्या: रंगनाथच्या थोरल्या बहीण विजयालक्ष्मी, निवृत्त मुख्याध्यापिका. बायका त्यांच्या पाठीत धपाटे घालायला सरसावल्या. आत्या पाळण्यात वाकल्या आणि वाकल्या वाकल्याच थांबल्या.

"रंग्या, अर्थ काय रे याचा?"

"हेराची कीर्ती."

"हेरा म्हणजे त्याची आई?"

"सावत्र आई."

खालच्या मजल्यावरच्या नूरीभाभींनी घुगऱ्यांची वाटी खाली ठेवली.

"जीव होता का तिचा पोरावर?" आत्यांचा पुढचा प्रश्न.

खोटं बोलणं रंगनाथला जमत नाही. "तिनं पाळण्यात दोन साप सोडले होते. पण ताई, यानं ते मुठीत धरून..."

उल्कानं बाळाला पाळण्यातून उचललं.

"आणि शेवट?" आत्यांनी विचारलं.

"बायकोनं पाठवलेला अंगरखा घातला. विषारी निघाला."

सगळ्यांनी रंगनाथच्या नव्या कुर्त्याकडे पाहिलं. मग उल्काकडे.

"मॉलमधून आणलाय," उल्का म्हणाली.

आत्यांनी तिच्या कुशीतल्या बाळाच्या कानाशी तोंड नेलं, कुर्र केलं आणि जाहीर केलं, "अनय!" पाठीत धपाटे पडले, टाळ्या झाल्या.

रंगनाथ गरजला, "मी बाप आहे त्याचा! नाव मीच ठरवणार!"

शपथ घेतलीच आहे, तर कबूल करतो. साप, अंगरखा, कुर्ता, सगळं जसंच्या तसं. हे गरजणं तेवढं मी पदरचं घातलंय. रंगनाथ म्हणाला होता, "ताई, पेढे फिरवू का?"