दुसरा गिअर पडत नाही

१९७४ साली सांगली जिल्ह्यातल्या एका सरकारी कचेरीच्या जीपचा दुसरा गिअर कडक झाला. बाब गंभीर होती, कारण साहेबांचा दौरा घाटापलीकडे असे आणि दुसऱ्या गिअरशिवाय जीप घाट चढत नसे. त्याहून गंभीर म्हणजे ड्रायव्हर कृष्णात अजून नोकरीत कायम झाला नव्हता. दिवाळीनंतर त्याचा कायम करण्याचा कागद सांगलीहून सुटायचा होता. तोवर गाडीला ओरखडा उठला, तरी पलटणीतून सुटून आलेल्या या गड्याला पुन्हा भावाच्या उसात पाणी पाजायला जावं लागणार होतं. मी त्या कचेरीचा पहारेकरी. फाटकातून सगळं दिसायचं.

गावातल्या गुंडा मिस्त्रीने जीपखाली डोकं घातलं. "क्लच पुरता सुटत न्हाई रं. दांडी आवळायची झालं. च्या पिऊन ये, तवर करतो."

"नगं गड्या. सरकारी गाडी हाय. बाहेरचा पाना लागला तर नोकरी जाईल माझी."

"मग सरकारी पाना कवा यायचा?"

कृष्णातने रीतसर अर्ज केला: 'जीपचा दुसरा गिअर पडत नाही, तरी दुरुस्तीस परवानगी मिळावी.'

गिअर पडला म्हणजे तो जागच्या जागी बसला, हे साऱ्या ड्रायव्हर लोकांना कळतं. हेडक्लार्क चिंतामणरावांना पडणारी वस्तू म्हणून फक्त कचेरीची कौलं ठाऊक. त्यांनी शेरा मारला: 'सरकारी मालमत्ता पडत नाही, ही समाधानाची बाब आहे. अर्ज दप्तरी दाखल.'

"आवं रावसाहेब," कृष्णात टेबलापाशी गेला, "पडत न्हाई हीच तर तक्रार हाय."

"म्हणजे पडावा अशी तुझी इच्छा आहे?"

"व्हय! आता हिसका मारल्याबिगर पडतच न्हाई."

चिंतामणरावांनी चष्मा काढला. "हे लेखी देशील?"

त्याने दिलं. कागद सांगलीला, विश्रामबागेतल्या वरच्या कचेरीत गेला. दीड महिन्याने उत्तर आलं: 'गिअर हिसका मारून पाडल्याची ड्रायव्हरने लेखी कबुली दिलेली आहे. सबब, पडलेला गिअर शोधून जमा करावा. न सापडल्यास पाच पंचांसमक्ष पंचनामा करावा.'

शोध तीन दिवस चालला. घाटाच्या रस्त्यावर सगळे शिपाई वाकून चालत होते. बैलाच्या नालाच्या दोन पत्र्या आणि छत्रीची एक मूठ मिळाली. त्यांची रीतसर नोंद झाली.

बांधावर गवत कापणाऱ्या बनुबाईने विचारलं, "काय हरवलं रं बाबांनो?"

"दुसरा गिअर."

"पयला हाय न्हवं? मग सावकाश जावा की."

नंतर सांगलीहून तपासनीस आले. त्यांनी जीप कचेरीच्या आवारात एक फेरी फिरवली, तीही पहिल्या गिअरात, आणि लिहिलं: 'पहिला गिअर हजर. दुसरा गैरहजर.' पंचनामा झाला. दिवाळीनंतर कृष्णातचा कागद सुटला, त्यात नोकरीतून तोही सुटला.

नव्या ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी गुपचूप गुंडाकडून दांडी आवळून घेतली. अर्ज केला नाही. वर्षात कायम झाला.

नोकरी सुटली त्या दिवशी कृष्णात फाटकापाशी थांबला. "दादा, गिअर पडताना डोळ्यानं बघितला, असं लिवलंय पंचनाम्यात. खाली तुमची बी सही हाय."

"साहेबांनी जागा दाखवली, मी केली."

कृष्णात वळकटी उचलून एस.टी.कडे गेला.

मी अक्षर शिकलो पन्नाशीत. अंगठा उठवत होतो तेव्हा आधी विचारायचो, काय लिहिलंय ते वाचून दाखवा. सही यायला लागली आणि विचारायची लाज वाटू लागली. बाकीचे चार पंच मॅट्रिक होते, त्यांनीही वाचलं नव्हतं. तुम्ही तर गोष्टी वाचता, म्हणजे आम्हा पाचांहून शिकलेले. सही करण्याआधी कागद शेवटचा कधी वाचला होता?