प्रिय व्यक्तीची खातरजमा

आमच्या वसाहतीत फुले पाठवण्यास बंदी कधीच नव्हती, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. बाहेर लोक काहीबाही बोलतात. वसाहतीचा चिटणीस या नात्याने मी जबाबदारीने सांगतो की आपल्या माणसाला ताजा पुष्पगुच्छ पाठवण्याचा अधिकार इथे प्रत्येक रहिवाशाला होता, आणि आजही आहे. आम्ही त्या अधिकाराला फक्त शिस्त लावली.

शिस्त लावण्याची वेळ का आली, तेही सांगतो. फाटकाबाहेर फूलवाल्या बाईंचे दुकान आहे. पूर्वी त्या सुटी फुले विकत. मग त्यांनी गुच्छ बांधून घरपोच द्यायला सुरुवात केली. फोन करायचा, नाव सांगायचे, गुच्छ दारात हजर. लोकांना हे फारच सोयीचे वाटले. एकाच जिन्यावर राहणारे लोक एकमेकांना गुच्छ पाठवू लागले. समोरचे दार वाजवायचे म्हणजे चपला घाला, आत जा, बसा, चहा घ्या, गुडघ्यांची चौकशी करा. गुच्छाला गुडघे नसतात.

अशातच एके दिवशी बँकेतल्या कॅशियरच्या बायकोला निनावी गुच्छ आला. आपण पाठवलेला नाही, असे कॅशियरने शपथेवर सांगितले. मग पाठवला कोणी? आठवडाभर त्या घरात भांडी आदळत होती. कॅशियरने आधी बायकोच्या मावसभावावर संशय घेतला, मग इस्त्रीवाल्यावर, आणि शेवटी तर खुद्द आमच्या अध्यक्षांवर. अखेर फूलवाल्या बाईंनीच खुलासा केला की गुच्छ कॅशियरनेच सांगून ठेवला होता, लग्नाच्या वाढदिवसासाठी, बराच आधी. सांगून तो विसरला होता. बायकोने त्यालाही माफ केले असते, पण वाढदिवसाची तारीखही त्याने चुकीची सांगितली होती.

आमचे अध्यक्ष वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले आहेत. जगात मोजता येत नाही असे काही असते, यावर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी तातडीची बैठक बोलावली.

"फुलं वाईट नाहीत," ते म्हणाले, "पण त्यांच्यामागे भावना असते, आणि भावनेवर आपलं काही नियंत्रण नाही. हे बरोबर नाही."

लगेच पुष्पगुच्छ नियमन उपसमिती नेमली गेली. यापुढे गुच्छ फक्त प्रिय व्यक्तीलाच पाठवता येईल, ती प्रिय असल्याची खातरजमा उपसमिती करील आणि तोवर गुच्छ कार्यालयात जमा राहील, असे ठरले. प्रिय व्यक्ती म्हणजे कोण, यावर बैठकांमागून बैठका झाल्या. पत्नीला आपोआप प्रिय धरावे का, हा प्रश्न कायदेशीर सल्लागारांकडे पाठवला. सल्लागारांचे घरचे दिवस तेव्हा बरे चालले नव्हते. त्यांचा अभिप्राय प्रतिकूल आला.

कार्यालयाच्या कोपऱ्यात आम्ही प्लास्टिकची बादली ठेवली. खातरजमा होईपर्यंत गुच्छ त्या बादलीत उभे राहत. काही गुच्छ उभे राहत, काही लवकरच बसत. लोक कुरकुरू लागले की फुले सुकून पोचतात. अध्यक्षांनी यावर तोडगा काढला. गुच्छ कार्यालयात आला त्या क्षणाचा ताजेपणा ग्राह्य धरायचा आणि तसा शिक्का पाठवणीच्या वेळी मारायचा. त्यानंतर वसाहतीत एकही शिळा गुच्छ पोचलेला नाही. प्रत्येकावर ‘ताजा’ असा शिक्का आहे, कोणीही येऊन पाहावे.

"अहो साहेब, पण हे वाळून कोळ झालंय," फूलवाल्या बाई एकदा बादलीकडे बघत म्हणाल्या.

"शिक्का बघा," मी म्हणालो.

त्यांनी शिक्का बघितला, माझ्याकडे बघितले आणि त्या निघून गेल्या. त्यांना पटले असावे.

अशी सगळी घडी नीट बसलेली असताना घड्याळकाका कार्यालयात आले. घड्याळकाका म्हणजे तळमजल्यावर राहणारे, घरीच घड्याळे दुरुस्त करणारे गृहस्थ. माणूस सज्जन, पण तिरसट. त्यांच्या हातात निशिगंधाचा गुच्छ होता. समोरच्या इमारतीत त्यांची थोरली बहीण एकटी राहते. तिला सगळे गणिताच्या बाई म्हणतात, कारण अर्ध्या वसाहतीला तिने शाळेत गणित शिकवले आहे. मलाही शिकवले आहे. काकांच्या खिडकीतून वर पाहिले की तिची गॅलरी दिसते, तरी दोघांची बोलचाल कित्येक वर्षे बंद.

भांडणाचे कारण सर्वांना माहीत होते. काकांच्या मुलीच्या लग्नात मोठा फोटो काढला, तेव्हा बाईंना दुसऱ्या रांगेत उभे केले. बाई काही बोलल्या नाहीत. जेवून घरी गेल्या आणि त्यानंतरही काही बोलल्या नाहीत.

"ताईच्या हृदयाची झडप बदलायचीय," काका म्हणाले. "पुढच्या आठवड्यात दवाखान्यात जातेय. त्याआधी हे तिला पोचवा. तिला निशिगंध आवडतो."

"पोचवू ना. कोण लागतात तुमच्या?"

"अहो, तुम्हाला माहीत नाही का? बहीण."

"मला माहीत आहे. उपसमितीला माहीत नाही. प्रिय आहेत का?"

काकांनी गुच्छाचा कागद सरळ केला. मग हळूच म्हणाले, "आहे."

"मग बोलत का नाही?"

"प्रिय नसती तर एवढी वर्षं रागवायला मला काय वेड लागलंय?"

उत्तर हृद्य होते, पण रागाला प्रेमाचा पुरावा मानण्याची तरतूद आमच्याकडे नाही. मी त्यांना दोघांचा एकत्र फोटो मागितला. ते घरी जाऊन तोच लग्नातला फोटो घेऊन आले. त्यानंतरचा एकही नव्हता. उपसमितीने तो भिंगाखाली पाहिला. पहिल्या रांगेत काका छाती काढून बसलेले स्पष्ट दिसत होते. मागे बाईंचा फक्त एक कान आणि अर्धी भुवई दिसत होती, बाकी सगळे एका धिप्पाड व्याह्यांच्या डोक्यामागे गेले होते. उपसमितीने शेरा दिला की फोटोतील कान हा प्रस्तुत बहिणीचाच आहे असे खात्रीने म्हणता येत नाही.

"कान तिचाच आहे," काका म्हणाले. "लहानपणी मी चावलो होतो त्याला. नीट बघा, खूण दिसेल."

ही खूण विरोधातच गेली. पूर्ववैमनस्य लहानपणापासून असल्याचे त्यातून सिद्ध होत होते.

तरीही आम्ही दार बंद केले नाही. फोटो नसेल तर प्राप्तकर्त्याची संमती चालते. मी स्वतः बाईंना इंटरकॉम लावला.

"बाई, नमस्कार. कार्यालयातून बोलतोय. आपले बंधू आपल्याला पुष्पगुच्छ पाठवू इच्छितात. आपल्याला त्यांच्याविषयी प्रेम आहे का, हो किंवा नाही एवढंच सांगा."

पलीकडून श्वासाचा आवाज येत होता. त्यांना धाप लागत होती.

"काय रे," बाई म्हणाल्या, "तू शाळेतही असाच होतास. बेरीज विचारली की वही दाखवायचास. त्याला म्हणावं, फुलं कसली पाठवतोस? तू ये."

मी आभार मानून फोन ठेवला. उत्तर हो नव्हते आणि नाहीही नव्हते. उपसमितीने साधकबाधक विचार केला. ‘फुलं कसली पाठवतोस’ या शब्दांत फुलांविषयी नापसंती उघड होती. पुढचे दोन शब्द फुलांशी संबंधित नसल्याने आमच्या कक्षेबाहेरचे होते. अर्ज नामंजूर झाला.

"काय म्हणाली ताई?" काकांनी विचारले. गुच्छातल्या खालच्या कळ्या एव्हाना तपकिरी झाल्या होत्या.

"ते सांगता येत नाही. प्राप्तकर्त्याचं मत गोपनीय असतं. नाहीतर घराघरांत भांडणं होतील."

"काहीतरी बोलली असेल ना. रागावली का?"

"मी एवढंच सांगू शकतो की अर्ज नामंजूर आहे. आपण अपील करू शकता."

काका खुर्चीत बसून राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला त्यांची दया आली, हे मोकळेपणाने सांगतो. पण दया हा निकष नाही.

"बरं, मीच जाऊन दिली फुलं तर?" त्यांनी विचारले. "चार पावलांवर तर घर आहे."

"अपील करायचं असेल तर तसं जाता येणार नाही. निकाल लागेपर्यंत प्राप्तकर्त्याला भेटणं म्हणजे दबाव आणणं होतं."

आणि इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हे ऐकून काकांचा चेहरा पडायला हवा होता. तो पडला नाही, उलट सैलावला. कोणीतरी खांद्यावरचे ओझे उतरवून घ्यावे तसा त्यांनी श्वास सोडला. "मग काय, नियमच आहे," ते म्हणाले. आमच्यावर निर्दय म्हणून टीका करणाऱ्यांनी तो श्वास ऐकायला हवा होता. माणसाला जायचे नसते. त्याला कोणीतरी अडवायला हवे असते. ही सेवा आम्ही विनामूल्य देतो.

काकांनी अपील केले आणि निशिगंधाचा नवा गुच्छ बादलीत ठेवला. अपिलाच्या सुनावणीत दोन्ही पक्ष समोरासमोर लागतात. आम्ही बाईंना बोलावणे पाठवले, तेव्हा त्या दवाखान्यात गेल्या होत्या. निघताना फाटकाशी त्यांनी गाडी थोडा वेळ थांबवली होती, असे पहारेकरी सांगतो. काच खाली करून त्या तळमजल्याकडे पाहत होत्या. काका खिडकीतच होते, पण अपील चालू असल्यामुळे बाहेर आले नाहीत. नियम इतका काटेकोरपणे पाळणारा रहिवासी विरळा.

दवाखाना वसाहतीच्या हद्दीत येत नसल्याने सुनावणी पुढे ढकलली. "बाई बऱ्या होऊन आल्या की घेऊ," अध्यक्ष म्हणाले. "त्या आपल्याच आहेत. मलाही शिकवलंय त्यांनी." आम्ही सर्वानुमते बाईंना आरोग्य चिंतण्याचा ठराव केला आणि तो फलकावर लावला.

बाई बऱ्या होऊन आल्या नाहीत. झडप बसली, पण त्या शुद्धीवर आल्याच नाहीत.

ज्यांना आमची व्यवस्था संथ वाटते, त्यांना आता पुढचे सांगतो. जिवंत व्यक्तीला प्रेम सिद्ध करावे लागते, मृत व्यक्तीच्या बाबतीत ते गृहीत धरले जाते. ती संमती नाकारू शकत नाही, तिचा गैरसमज होत नाही, नंतर भांडणही होत नाही. म्हणून अशी पाठवणी आमचा शोकविभाग पाहतो आणि तिथे खातरजमा नाही, बादली नाही, शिक्काही नाही. बाईंना घरी आणण्याआधीच त्यांचे दार फुलांनी भरले. कॅशियरने पाठवले, अध्यक्षांनी पाठवले, ज्यांना बाईंनी नापास केले होते त्यांनीही पाठवले. जिन्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. बाईंना न्यायला आलेल्या माणसांना गुच्छ बाजूला सारत वर जावे लागले. काकांनी त्याच सकाळी घेतलेला निशिगंध इतका ताजा पोचला की देठांतून पाणी गळत होते. कागदावर काकांचे नाव मोठ्या अक्षरांत होते, आणि तो आम्ही सर्वांच्या पुढे, पहिल्या रांगेत ठेवला.

दुसऱ्या दिवशी काका कार्यालयात आले. अपील आपोआप निकाली निघाल्याचे मी त्यांना सांगितले.

"आता तरी सांगा," ते म्हणाले. "ताई त्या दिवशी काय म्हणाली?"

प्राप्तकर्ता हयात नसल्यावर गोपनीयता उरत नाही. तेव्हा मी नियमानुसार सांगितले. "म्हणाल्या, त्याला म्हणावं, फुलं कसली पाठवतोस? तू ये."

काका उभेच होते. त्यांनी टेबलाची कड धरली. "तू ये म्हणाली?"

"हो. ते दोन शब्द आमच्या कक्षेत येत नव्हते."

मला वाटले, ते आता माझ्या अंगावर येतील. पण त्यांनी मला दोष दिला नाही. "तुम्ही नसतं अडवलं," ते म्हणाले, "तर मी दुसरं कोणीतरी शोधलं असतं अडवायला." मग ते खाली बसले आणि लहान मुलासारखे मोठ्याने रडले. मी पंखा लावला. कार्यालयात आलेल्या माणसासाठी जे करता येते, ते सगळे मी केले.

या प्रकरणानंतर आमच्या पद्धतीची कीर्ती पसरली आहे. इतर वसाहतींतून विचारणा येते. आपल्याकडूनही आली तर आनंदच आहे. हे वाचता वाचता एक नाव आपल्या मनात आलेच असेल, आणि आज नको, रविवारी बघू, हेही लगेच ठरले असेल. उत्तम. घाई मुळीच करू नका. आपल्याला अडवायला आम्हीच हवे असे नाही, आपण ते काम घरच्या घरी आमच्याहून चोख करता. फक्त ती व्यक्ती शोकविभागाकडे वर्ग झाली की एक फोन करा. फुले अगदी ताजी पोचतील.