मुंजाजीरावांचा काटा

कुकरची शिट्टी झाली की माणसं गॅस बंद करतात. आमचे शेजारी मुंजाजीराव आधी खिशातलं यंत्र काढून कुकरसमोर धरतात. काडेपेटीहून जरा मोठं यंत्र. आवाज ऐकला की पडद्यावर काटा हलतो. सूर चढला की उजवीकडे, उतरला की डावीकडे, आणि बरोबर असला की हिरवा दिवा. परभणीच्या स्टँडवर त्यांनी एसटीचा भोंगासुद्धा तपासलाय. जरा चढलाय म्हणून ड्रायव्हरला सांगून आले. ड्रायव्हर काय म्हणाला, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आता माझं दुखणं सांगतो. पेट्या सुरात लावणं हा माझा धंदा, बापापासून चालत आलेला. कानस, चिमटा आणि दोन कान, एवढंच भांडवल. आणि हे गृहस्थ जन्मभर मोंढ्याच्या बाजारात कापूस तोलणारे! सा कुठला नि पा कुठला, याचा पत्ता नाही. निवृत्त झाले, पुण्याच्या भाच्यानं हे यंत्र पाठवलं, आणि आमच्या गल्लीत दुसरा पेटीवाला उगवला. तोही फुकट लावून देणारा.

पाथरीच्या भजनी मंडळाची पेटी माझ्याशिवाय कुणी उघडली नव्हती. ते मंडळ जीपमध्ये पेटी घालून माझ्या दारावरून त्यांच्याकडे गेलं. शिवाय जाता जाता मला रामराम घातला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्या दिवशी मी जेवताना आमटीला नावं ठेवली. आमटीची काही चूक नव्हती.

मुंजाजीराव पेटी लावायला बसले की पंखा बंद, टीव्ही बंद, पाहुण्यानं खोकायचं नाही. एक पट्टी दाबायची, काटा बघायचा, सुराची पितळी पट्टी हलकेच खरवडायची, पुन्हा काटा बघायचा. मी एकदा न राहवून म्हटलं, अहो, कानानं ऐका की जरा.

"मास्तर, कान माणसाचा हाय," ते म्हणाले. "माणूस वळखीच्याला झुकतं माप देतो. काटा देत न्हाई."

पेटी लागलीही झकास होती, तेच तर जास्त झोंबलं.

त्यांच्या पत्नी गयावहिनी रोज सकाळी पेटी घेऊन अभंग म्हणायच्या. ती पेटीही यांनी एक दिवस काट्यावर लावली. माझं तेवढंही काम गेलं. पुढं वहिनींचं गाणं ऐकू येईना. मला वाटलं, गावाला गेल्या असतील.

मग एका दुपारी मुंजाजीराव ती पेटी खांद्यावर घेऊन माझ्या दुकानात. आले मिरवायला, मी मनात म्हटलं. पण त्यांनी यंत्र काढलंच नाही.

"मास्तर, हिला पयल्यासारखी करून द्या."

काय बिघडलं, मी विचारलं.

"बिघडलं न्हाई, तेच वांदं हाय. काट्यावर बरोबर केली, तर आमच्या मंडळीचाच सूर उतरायलाय. मी मोठ्या हौसेनं काटा दावला तिला. त्या दिवसापासून पेटीला हात लावंना. घसा बसलाय म्हनती. घर लय सुनं वाटायलंय, मास्तर."

मला ठाऊक होतं. वहिनींचा गंधार जरासा उतरतो. म्हणून त्यांच्या पेटीचा गंधारही मी तेवढाच उतरवून ठेवला होता. पण इतके दिवस पोटात साठलेलं बाहेर आलंच. म्हटलं, पुन्हा तसं केलं तर तुमच्या काट्यावर पेटी चुकणार हो.

"चुकू द्या पेटी," मुंजाजीराव म्हणाले. "गानारी बरोबर निघाली पायजे."

मी कानस घेतली. काम होईस्तोवर ते शेजारी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून अभंग आला. आमची ही चहा घेऊन आली आणि तिथंच उभी राहून ऐकू लागली. म्हणाली, किती जीव हाय हो त्यांचा वहिनींवर. मी चहा घेतला. गंधार उतरवला मी, कौतुक मात्र त्यांचं! यंत्रावरची जळजळ कालच कुठं जरा निवली होती, आणि आता ही नवी सुरू झाली.