मागाच्या खड्ड्यातलं मत

“चाल गा मधू, ऊन तापायच्या अगोदर मत टाकून येऊ!”

मायचा हा आवाज मी पंचेचाळीस वर्षांपूर्वी ऐकला, तो अजून कानात आहे. हिरव्या काठाचं लुगडं नेसून, मला बोटाला धरून ती सक्करदऱ्याच्या शाळेकडे निघायची. मतदानाच्या खोलीच्या दाराशी मात्र बोट सोडायची. “तू इथंच थांब!”

आता माय सत्त्याऐंशीची. पंच्याऐंशीच्या वरच्यांचं मत घरी येऊन घेतात हे कळलं आणि मी विणकर मंडळाच्या बैठकीत छाती ठोकली, “विधानसभेचं वस्तीतलं पहिलं मत माझ्या घरातून पडणार! अन् ते आपल्याच पक्षाले! बाबांच्या काळापासून आमच्या घरचं एक मत इकडचं तिकडं झालं नाही!”

अध्यक्ष रुपराव खूश. “मंग समाजाच्या साऱ्या मतायची जबाबदारी तुह्यावर, मधुसूदन!”

मी खळ पाजलेल्या सुतासारखा ताठ झालो!

घरी येऊन घरच्या मतदानाच्या फॉर्मवर मायची सही घेतली.

“कायचा कागद हाय गा?”

“सरकारी हाय, माय.”

खोटं बोललो का? मुळीच नाही!

तारीख ठरल्यावर तिला सगळं सांगितलं. तांदूळ निवडता निवडता तिचा हात थांबला.

“मंग मी शाळेत नाही जाऊ?”

“जाऊन फायदा नाही. यादीत तुह्या नावापुढं खूण झाली. मत घरीच द्या लागते आता.”

अर्धवट विणलेलं लुगडं मी मागावरून कापून टाकलं असावं, तसं तिनं माझ्याकडे पाहिलं.

ठरल्या दिवशी मतदान पथक आलं. दोन अधिकारी, पोलीस, कॅमेरावाला. सगळे हजर, फक्त माय गायब! माझी बायको कांता म्हणाली, “त्या त सकाळीच ऑटोनं हुडकेश्वरले गेल्या, वन्संकडे.”

अधिकारी बाईंनी घड्याळ पाहिलं. “आम्ही परवा आणखी एकदाच येऊ. तेव्हाही नसल्या, तर त्यांचं मत गेलं.”

पाचव्या मिनिटाला रुपरावांचा फोन. “घरची एक माय सांभाळता येत नाही, अन् समाज सांभाळून राहिला!”

मी धावत हुडकेश्वरला बहिणीचं घर गाठलं.

“माय, तुले तरास होऊ नये म्हणून केलं ना मी!”

“मले तरास होते, असं मी म्हटलं होतं काय?”

“मंग पळाली काहून?”

तिनं तोंड फिरवलं. शेवटी मी म्हटलं, “परवा नाही देल्लं त मत बुडलं. जन्मात पह्यल्यांदा!”

तिनं शाई लागायच्या बोटावरून अंगठा फिरवला. मग उठून पिशवी उचलली.

तिसऱ्या दिवशी पथक पुन्हा आलं. शेजारणी स्वयंपाकघरात, रुपराव हार घेऊन खिडकीबाहेर. मी शेवटची हुशारी केली. “मॅडम, आईला दिसत नाही. मीच शेजारी बसून खूण करतो!”

“आजी, खरंच दिसत नाही?”

माय उठली. बाबांच्या मागाशी गेली, ताण्याच्या उभ्या सुतातला एक तुटका धागा शोधला आणि चष्म्याशिवाय चुटकीसरशी गाठ मारली. कॅमेरावाल्यानं तेही टिपलं!

“यांना माझ्यापेक्षा चांगलं दिसतं,” अधिकारी बाई म्हणाल्या.

टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला. मी डावीकडून जरा वाकलो. स्वयंपाकघरातून चार डोकी वाकली. खिडकीतून रुपराव इतके वाकले की डोकं गजांत अडकलं!

“अरे बाप्पा, निंघत नाही ना गा!”

कांता खोबरेल घेऊन धावली, पोलीस बाहेर जाऊन पाय ओढू लागला, हार नालीत पडला. त्या गोंधळात मायनं मतपत्रिका, पेन आणि पुठ्ठा उचलला. बाबा ज्या खड्ड्यात पाय सोडून माग चालवत, त्या खड्ड्यात अधिकारी बाईंचा हात धरून उतरली, डोक्यावर पुठ्ठा ओढला. बाई मागे सरल्या.

आता वाकून कुणालाच काही दिसेना. रुपरावांनाही नाही!

लिफाफा बंद झाला, पथक गेलं. तेलानं माखलेल्या कानांनी रुपराव बाहेर पेढे वाटू लागले. “आपल्या पक्षाचं पह्यलं मत!”

मी मायपुढे चहा ठेवला. “माय, आता त सांग. शाळेतच काहून जायचं होतं तुले?”

तिनं बशीत चहा ओतला आणि फुंकून गार केला.

“माह्या पह्यल्या निवडणुकीत एक बाई उभी होती, ती प्रचाराले घरी आली. बाकी सारे तुह्या बाबाशीच बोलत. तिनं मले इचारलं, ‘तुमचं नाव काय?’ लग्न झाल्यापासून कोणी इचारलंच नव्हतं, गा! मी तिले मत देल्लं. ती पडली. पण त्या शाळेच्या खोलीत मले सांगणारं कोणी नव्हतं. ना सासू, ना तुहा बाप. तेवढी एक जागा माही होती. तू तीबी घरात आणून ठेवली, साऱ्या गल्लीसमोर.”

माझी मान खाली गेली. “म्हणजे बाबांच्या पक्षाले...”

“एकदाबी नाही देल्लं. तुह्या बाबाले वाईट वाटन म्हणून बोलली नाही.”

बाहेर रुपराव मायच्या नावाचा जयजयकार करत होते. मी हळूच विचारलं, “अन् आज?”

मायनं चहाचा शेवटचा घोट घेतला.

“आजबी नाही!”