डोंगरेकाकांची हरकत

जबलपूरकरहो, पंखे बंद करा, श्वास रोखा! आमच्या गोरखपूर मोहल्ल्यातले डोंगरेकाका एका बलाढ्य कॅमेरा कंपनीशी लढत आहेत आणि भांडणाचा मुद्दा आहे एक ठिपका.

तोही खराब. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारे लाखो ठिपके असतात, त्यांना पिक्सेल म्हणतात. एखादा बिघडला की फोटोत विनाकारण चमकतो. काका फॅक्टरीतून तपासनीस म्हणून निवृत्त झाले, पाठोपाठ काकू गेल्या, आणि काका या ठिपक्यांच्या मागे हात धुऊन लागले. घरी कोणी आलं की चहाआधी त्याचा मोबाइल मागायचा, भिंगावर अंगठा दाबून काळाकुट्ट फोटो काढायचा आणि आनंदानं ओरडायचं, "मेला! कोपऱ्यातला एक मेला तुझा!" बड्या फुहाऱ्याच्या बाजारातले दुकानदार त्यांना पाहून नवे मोबाइल लपवतात.

"बिघडलेला ओळखता कसा?" मी विचारलं.

"शेजाऱ्यांना विचारायचं! सगळे शेजारी अंधारात अन् हा एकटाच चमकून राहिला? मंग हाच खराब. पुसून टाका."

"या हिशेबानं मोहल्ल्यातून पहिले तुम्हीच पुसले जाल."

"चूप बैठो जी. मी काम करून राहिलो."

ही युक्ती काकांनी फोटोंसकट इंटरनेटवर टाकली होती. पुढे कंपनीनं तिच्यावरच पेटंट मागितलं. काकांनी हरकत घेतली: गोष्ट आधीच जगजाहीर, पेटंट कसलं?

सुनावणी व्हिडिओवर, आणि मोठा टीव्ही आमच्याकडे. काका वर कोट, खाली पायजमा घालून हजर. आमच्या हिला कुकर न लावण्याची सक्त ताकीद.

कंपनीचा वकील गुरगुरला, "इनका तरीका चलता भी है? सबूत?"

पेटंट ऑफिसच्या अधिकाऱ्यांनी काकांनीच दिलेले दोन फोटो पडद्यावर लावले. तिन्हीसांजेच्या व्हरांड्यात तांदूळ निवडणाऱ्या काकू. पहिल्यात चेहऱ्यावर पांढरा ठिपका, काकांच्या युक्तीनंतरच्या दुसऱ्यात साफ.

"ख़राब बिंदु हट गया," अधिकारी म्हणाले. "आप यही कहते हैं न, डोंगरेजी?"

वकिलाचं तोंड उतरलं. आता नुसतं 'जी' म्हणायचं होतं. मी कोपरानं ढोसलं.

काका उठून टीव्हीपाशी गेले. हा फोटो त्यांनी आजवर तळहाताएवढा पाहिलेला; इथं काकू भिंतीएवढ्या झाल्या होत्या. पहिल्या फोटोतल्या ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवलं, आणि अधिकारी, वकील, पेटंट सगळं विसरून ओरडले,

"अहो, ही तर कमलच्या नाकातली चमकी! काहून पुसली मी?"