क्राऊन एकाकडे, पिनियन दुसऱ्याकडे

अंगणातल्या लष्करी ट्रकचा नेमका कुठला भाग कामातून गेलाय, यावरून घरात दोन पक्ष पडले होते. आजोबा म्हणत, क्राऊन गेला. बाबा म्हणत, पिनियन गेलं. आई म्हणायची, "अंगण गेलं."

ट्रकचं नाव पैलवान. आजोबांनी तरुणपणी फौजेत असाच ट्रक चालवला होता, म्हणून नऊ वर्षांपूर्वी बाबांनी तो लिलावातून आणला. तेव्हा त्याच्या टपावर गवत उगवलं होतं. आता तो हिरवागार, तुळतुळीत होता, इंजिन पहिल्याच किल्लीला गर्जायचं, दिवे लागायचे, भोंग्याने शेजारची कुत्री पळायची. फक्त तो चालायचा नाही. गिअर टाकला की मागच्या आसातून सुपारी फोडल्यासारखा आवाज यायचा आणि पैलवान जागच्या जागी थरथरायचा.

क्राऊन म्हणजे आसातलं ताटाएवढं दातेरी चाक, आणि पिनियन म्हणजे त्याला फिरवणारं वाटीएवढं. कारखान्यात ही दोघं एकमेकांवर घासून जुळवतात आणि दोघांच्या अंगावर एकच नंबर कोरतात. बदलायची तर जोडीनंच बदलायची. हे बाबांना माहीत होतं, आजोबांना माहीत होतं, आणि त्या घरात वाढल्यामुळे सोळा वर्षांच्या नातीला, तुडतुडीलाही माहीत होतं. पण जोडी मागवायची म्हणजे समोरच्याचंही बरोबर होतं असं कबूल करायचं. तेवढं मोठं मन अंगणातल्या पैलवानाच्या शेडमध्ये कुणाचंच नव्हतं.

आणि घाई तर होती. आजोबांचं लायसन येत्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी संपणार होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "पुढच्या कागदावर मी सही करणार नाही." त्याच रविवारी गावात जुन्या गाड्यांची फेरी निघणार होती. पैलवान आजोबांच्या हाताने चालायचा तर त्या दिवशी. नाहीतर कधीच नाही.

एका दुपारी बाबांनी तुडतुडीला शेडमागे गाठलं. "तुझ्या मोबाईलवर तो जुन्या गाडीवाल्यांचा ग्रुप आहे ना? त्यात टाक, पिनियन पाहिजे. माझं नाव नको. आणि आजोबांना कळता कामा नये. एकदम समोर नेऊन ठेवणारे मी. शपथ घे."

तुडतुडीने शपथ घेतली. बाबांचा फोन नंबर टाकला आणि नावाच्या जागी लिहिलं, 'शांत माणूस'.

संध्याकाळी आजोबांनी तिला गॅलरीत बोलावलं. "तुझ्या त्या यंत्रात लिही, क्राऊन हवाय. तुझ्या बापाला एक अक्षर कळायला नको. रविवारी त्याचं तोंड बघायचंय मला. शपथ?"

तुडतुडीने तीही घेतली. नाव लिहिलं, 'लोखंडी छाती'. नुकतीच ती वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती, आणि जगातला कुठलाही गुंता आपल्याला सोडवता येतो अशी तिची पक्की खात्री झाली होती. एकापेक्षा दोघं शोधताहेत, तर बरंच की!

आठ दिवसांत दोघांनाही एकाच माणसाचा फोन आला. हा चार तास लांबच्या गावातला भंगारशेठ. त्याच्याकडे लष्करी गाड्यांचं भंगार डोंगराएवढं होतं आणि त्यात पैलवानाच्या जातीची एकच जोडी होती, नंबर चारशे सतरा.

"अहो, जोडीनंच घ्या," तो बाबांना म्हणाला.

"नको, फक्त पिनियन," बाबा म्हणाले.

"जोडी फोडू नका, साहेब," तो आजोबांना म्हणाला.

"तुम्ही दुकानदार आहात की लग्न जमवणारे? फक्त क्राऊन," आजोबा म्हणाले.

भंगारशेठने कपाळावर हात मारला आणि बसच्या पार्सलमधून दोन खोकी दोन दिवशी पाठवून दिली. बाबांनी आपलं कामावरून येताना उचललं आणि पैलवानाच्या सीटखाली दडवलं. आजोबांनी आपलं वाचनालयाच्या पिशवीतून आणलं आणि पलंगाखाली सरकवलं. पिशवीचा एक बंद वाटेतच तुटला.

"कसलं पुस्तक आणलंत हो मामंजी एवढं जाड?" आईने विचारलं.

"शब्दकोश," आजोबा धापा टाकत म्हणाले.

मग दोघांनीही, एकमेकांची नजर चुकवून, नवा भाग त्याच्या जुन्या जोडीदाराला लावून बघितला. दात कुठे टेकतात ते कळायला निळा रंग लावला, फिरवला. रंग भलत्याच ठिकाणी उमटला. नंबर जुळत नव्हते, दात जुळत नव्हते. जोडी ती जोडीच.

बाबांनी घाईघाईने फोन लावला. "शेठ, तो क्राऊनही द्या हो. असावा आपला एक जादा."

"गेला. एका भलत्याच हट्टी माणसाला विकला."

तासाभराने आजोबांचा फोन. "ते पिनियन ठेवलंय ना माझ्यासाठी?"

"गेलं. घेणारा स्वतःला शांत माणूस म्हणवतो, पण ऐकत कुणाचंच नाही."

आता तुडतुडीची पंचाईत झाली. सीटखाली पिनियन, पलंगाखाली क्राऊन, मध्ये वीस पावलांचं अंगण, आणि तिच्या गळ्यात दोन शपथा. तिने आडून आडून प्रयत्न केला.

"बाबा, समजा, तो क्राऊनवाला माणूस अगदी जवळच राहत असेल तर?"

"असला आडमुठा माणूस आपल्या आसपास असता तर मला कळलं नसतं का?"

"आजोबा, एकदा बाबांना विचारून तर बघा."

"त्याला विचारू? त्याला क्राऊन आणि करंडक यातला फरक कळत नाही!"

मग सुरू झाली मनधरणी. आजोबांनी समोरच्याला खूश करायला आपला फौजेतला थर्मास भंगारशेठकडे पाठवला, त्या शांत माणसाला भेट म्हणून. चार दिवसांनी तोच थर्मास पार्सलने बाबांच्या हातात पडला. त्यांनी तो सरळ चहाच्या टेबलावर आणून ठेवला.

"कुठून आणलास?" आजोबांचा घास हातातच राहिला.

"असाच. जुन्या बाजारात मिळाला." बाबांनी नजर चुकवली. "तुमच्यासारखाच आहे, नाही?"

"माझ्यासारखाच," आजोबा बुडाचा पोचा चाचपत म्हणाले. "तुमचा कुठेय, असं कुणी विचारू नका. माझा... धुवायला टाकलाय."

त्यानंतर ते तुडतुडीला कोपऱ्यात ओढून कुजबुजले, "बघितलंस? मी जीव लावून भेट पाठवली, आणि त्या नालायकाने ती बाजारात विकली! शांत माणूस म्हणे!"

बाबांनी उलट भेट म्हणून आपलं आवडतं भिंतीवरचं घड्याळ पाठवलं. ते आजोबांच्या खोलीत टांगलं गेलं. बाबा दारात उभे राहून त्या घड्याळाकडे बघत राहिले, आणि दोघांपैकी कुणालाच काही विचारता येईना. आईला मात्र विचारता येत होतं.

"या घरातल्या वस्तू रोज खोल्या बदलताहेत. मला कुणी सांगेल का, मी वेडी झालेय की तुम्ही?"

फेरी दोन दिवसांवर आली. आजोबा हल्ली पैलवानाच्या सीटवर नुसतेच बसून राहत, स्टिअरिंगवर हात ठेवून, इंजिन बंद. तुडतुडीने ते खिडकीतून पाहिलं आणि तिचं हसू एकदम आटलं. शपथ सांगणार नाही अशी घेतली होती. भेट घडवणार नाही अशी कुठे घेतली होती? तिने सरळ भंगारशेठला फोन लावला, आणि स्पर्धेतला आवाज काढून पाच मिनिटं बोलली. तो एवढा हसला की त्याला ठसका लागला.

शनिवारी सकाळी दोघांनाही निरोप गेला: समोरचा माणूस तयार झालाय, आपापला भाग घेऊन पार्सल ऑफिसात दहाला या.

"मी जरा केस कापून येतो," बाबा म्हणाले. त्यांच्या डोक्यावर कापण्याजोगे फार तर अकरा केस होते.

"मी वाचनालयात," आजोबा म्हणाले आणि बारा किलोची पिशवी उचलताना कमरेत वाकले.

दोघं एकाच बसला चढले. बाबा पुढे बसले, आजोबा मागे, आणि दोघांनीही पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघितलं. उतरले एकाच थांब्यावर. चालले एकाच दिशेने. पार्सल ऑफिसच्या बाकावर तुडतुडी आधीच बसली होती, पाय हलवत.

"वाचनालय इकडे आलंय वाटतं?" बाबा म्हणाले.

"आणि न्हावी पार्सलने येणारे का?" आजोबा म्हणाले.

मग आजोबांची नजर बाबांच्या हातातल्या, फडक्यात गुंडाळलेल्या वाटीएवढ्या वस्तूकडे गेली, बाबांची तुटक्या बंदाच्या पिशवीकडे. 

"नंबर काय?" आजोबांनी विचारलं.

"चारशे सतरा."

आजोबा बाकावर बसले. "म्हणजे तो नालायक तू."

"आणि तो आडमुठा तुम्ही."

"माझा थर्मास तू बाजारातून आणलास म्हणालास!"

"तुम्ही तर धुवायला टाकला होता!"

आधी आजोबांचे खांदे हलायला लागले, मग बाबांचे, आणि मग पार्सलवाल्याला उठून बघावं लागलं की हे लोक रडताहेत की हसताहेत. आजोबांनी डोळे पुसले. "माझ्यासाठी करत होतास होय रे?"

"तुमच्याचसाठी. आणि तुम्ही?"

"तुझी नऊ वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून."

त्या दुपारी शेडमध्ये जे घडलं ते नऊ वर्षांत घडलं नव्हतं. कुणी भांडलं नाही. निळा रंग दातांवर बरोबर मधोमध उमटला. मग क्राऊन आसात कुठल्या बाजूला तोंड करून बसवायचा, हा प्रश्न आला.

"असा ना, अण्णा?" बाबांनी विचारलं.

"तू म्हणशील तसा, बाळा."

"नाही, तुमचा अनुभव."

"नाही, तुझा हात."

"मग असाच."

"असाच, असाच!"

तुडतुडीला काहीतरी खटकलं, पण इतका गोडवा तिने त्या शेडमध्ये कधी पाहिला नव्हता. मध्ये बोलायला जीव होईना. दिवेलागणीला शेवटचा बोल्ट बसला.

रविवारी सकाळी आजोबा जुन्या टोपीत स्टिअरिंगवर बसले. शेजारी बाबा, मागे फळीवर तुडतुडी आणि आई. इंजिन गर्जलं. आजोबांनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि पैलवान नऊ वर्षांत पहिल्यांदा हलला. मागे. झपकन मागे, आणि त्याने आईची कपडे वाळत घालायची तार खांबासकट आडवी केली.

"अहो अण्णा, रिव्हर्स पडलाय!"

"पहिलाच आहे!"

दुसरा टाकला. पैलवान आणखी उत्साहाने मागे. मग बाबांनी कपाळ धरलं. क्राऊन उलट्या तोंडाने बसला होता. आता पैलवानाला मागे जायला चार गिअर होते आणि पुढे जायला एकच: रिव्हर्स.

"भांडत होतात तेव्हा काम तरी नीट व्हायचं," आई तारेतून टॉवेल सोडवत म्हणाली.

उघडून पुन्हा बसवायला पूर्ण दिवस लागला असता. फेरीला अर्धा तास होता. बाबांचा चेहरा पडला. आजोबा मात्र गिअरच्या दांडीकडे बघत होते. फौजेतली त्यांची एक फुशारकी घरातल्या भिंतींनाही पाठ होती: आपण जन्मात माघार घेतली नाही.

"आजोबा," तुडतुडी मागून वाकून म्हणाली, "फेरी कुठल्या वेगाने जाते?"

"माणसाच्या चालीने."

"आणि रिव्हर्स?"

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. मग टोपी नीट केली, दांडी रिव्हर्सवर ओढली, आणि पैलवान फाटकातून डौलात, ताठ मानेने, पुढे निघाला.

सबंध फेरीत एकाच गाडीचा वेग बिनचूक होता. बाकीच्या गाड्या धक्के खात, थांबत, तापत होत्या. पैलवान मिरवणुकीतल्या हत्तीसारखा डुलत गेला. आजोबा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत होते, आणि त्यांचे डोळे फक्त मोतीबिंदूमुळे ओले नव्हते.

संध्याकाळी अंगणात त्यांनी इंजिन बंद केलं. खिशातून लायसन काढून एकदा वाचलं, परत ठेवलं, आणि किल्ली तुडतुडीच्या तळहातावर ठेवली.

"तुला अठरा व्हायला किती आहेत गं?"

"दोन वर्षं."

"तोवर सरळ करून ठेवतो."

"उद्या क्राऊन डावीकडे फिरवू," बाबा म्हणाले.

"डावीकडे? अरे, आस उघडायचा अनुभव कुणाचा? आधी पिनियन काढावं लागेल!"

"पिनियनला हात लावायची काही गरज नाही, अण्णा!"

"तुला काय कळतंय!"

आईने थर्मासमधून चार कप चहा ओतला आणि पायरीवर निवांत टेकली. "झालं," ती तुडतुडीला म्हणाली, "आता होईल बघ नीट."