तिसऱ्या बाकावरची अफवा

महाविद्यालयाच्या माहिती-साक्षरता वर्गात यंदा एका अफवेने रीतसर प्रवेश घेतला. 'हा वर्ग दिवाळीनंतर बंद होणार' अशी ती अफवा. अर्जातला 'मूळ ठिकाण' हा रकाना कोरा होता. पण फोटो चिकटवलेला असल्याने कार्यालयाने हरकत घेतली नाही.

ग्रंथपाल शालिनी वैरागडे यांचा या वर्गात जीव गुंतला होता. नऊ वर्षे त्या विद्यार्थ्यांना आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांना एकच गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगत होत्या: ऐकलेले कोणाकडून आले, ते विचारा. विद्यार्थी सही करून पसार होत. कर्मचारी एकमेकांच्या सह्या करत. तिसऱ्या बाकावरची अफवा मात्र रोज हजर असे, वहीत समास आखून.

परीक्षेला ती एकटीच बसली. प्रश्न ठरलेला: एका विधानाचा मूळ स्रोत शोधा. तिने स्वतःचाच शोध घ्यायचे ठरवले. ती नापास झाली, तर कोणीच उत्तीर्ण नाही म्हणून नियमानुसार वर्ग बंद. आणि पास झाली, तर सिद्ध विधानाची अंमलबजावणी कार्यालयावर बंधनकारक. शालिनीबाईंनी हा पेच प्राचार्यांपुढे मांडला. विद्यार्थिनी हुशार निघाली हे बाईंचेच यश, असे म्हणून प्राचार्यांनी पुढची फाईल ओढली.

उत्तरपत्रिकेत साखळी चोख होती. हेडक्लार्क दिघोरे यांनी कॅन्टीनवाल्याकडून ऐकले, त्याने शिपायाकडून, आणि शिपायाने अकरा जुलैला स्टाफरूममध्ये, खुद्द शालिनीबाईंच्या तोंडून.

"वैतागून बोलले होते गं मी."

"तसं तळटिपेत नमूद केलंय, मॅडम."

"आणि स्रोत सापडला म्हणजे विधान खरं ठरतं, असं मी कधी शिकवलं?"

"नाही. पण स्रोताचा अधिकार तपासा, असं शिकवलंत. वर्गप्रमुख तुम्हीच आहात."

बाईंनी पत्रिका तीनदा तपासली. चूक सापडेना. अक्षरासाठी दोन गुण कापून त्यांनी अठ्ठ्याण्णव दिले.

दिवाळीनंतर वर्गाला कुलूप लागले. सूचनाफलकाच्या जागी अफवा स्वतःच उभी राहिली, गळ्यात प्रमाणपत्र अडकवून. येणारेजाणारे तिला वाचून पुढे जात. चौथ्या दिवशी दिघोरे थांबले, चष्मा पुसला आणि तिला म्हणाले, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

नऊ वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच कोणीतरी विचारला होता. मागून येणाऱ्या शालिनीबाईंनी पिशवीतून हजेरीपट काढला आणि दिघोऱ्यांची हजेरी मांडली.